मांडी घालून जिंकलेली फायनल

परवा क्लबच्या टेनिस कोर्टाबाहेर आमच्या शहराची जुनी चॅम्पियन बाकावर बसून गुडघ्याला पट्टा बांधत होती. एक गृहस्थ कौतुकाने पुढे आले. "ताई, तुमची ती फायनल! टीव्हीसमोर घातलेली मांडी मी तीन तास सोडली नाही. जरा हललो की तुमचा पॉइंट जायचा ना!" दुसरे म्हणाले, "मी तर बायकोला दारातच उभं ठेवलं होतं. ती आत आली की तुमची सर्व्हिस बिघडायची."

माझं डोकंच फिरलं. धावली ती, गुडघे झिजले तिचे आणि मॅच जिंकली म्हणे यांच्या मांडीने! आपलं प्रेमसुद्धा कसलं, तर दुसऱ्याच्या घामातून आधी स्वतःचा वाटा काढून ठेवणारं. दुखतंय का, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

ती पट्टा घट्ट करत शांतपणे म्हणाली, "मग माझ्या शेवटच्या मॅचला का उठलात?"

सगळे खो खो हसले. मला हसता येईना. त्या मॅचमध्ये ती हरायला लागल्यावर मी टीव्हीच बंद केला होता.