चाक बदललं आणि गल्ली बंद पडली

आमच्या घरी पाना तांदळाच्या डब्यात ठेवतात. तो मला सापडू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

याला कारण मी बदललेलं एक चाक. माझ्या मुलीला, मुग्धाला, राहनाळच्या गोडाऊनमध्ये नोकरी लागली होती. सोमवारी पहिली ड्युटी. कामतघरहून रिक्षाने निघालं तर ट्रेलरच्या रांगेतच सुट्टी व्हायची वेळ येते! म्हणून तिने कॉलेजातली गियरची सायकल बाहेर काढली. पण मागच्या चाकाची रिम ब्रेक घासून घासून पातळ झाली होती आणि चाक लचकत चालायचं. मी निजामपुऱ्यातून नवं चाक आणलं.

"साहेब, सायकल घेऊन या, बसवून देतो," दुकानदार म्हणाला.

"छे! दहा मिनिटांचं काम," मी म्हणालो. (मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क. आयुष्यात शिक्क्याशिवाय दुसरं यंत्र चालवलेलं नाही!)

रविवार लोळण्यात गेला. सोमवारी सकाळी मी सायकल उलटी केली. चाक सुटावं म्हणून आधी ब्रेकची वायर काढली, मग दोन्हीकडचे नट. जुनं चाक निघालं. नवं काही बसेना. चेन एकीकडे, गियर दुसरीकडे आणि मधे माझं बोट!

"पप्पा, मला उशीर होतोय हां."

"झालंच!"

"मघाशी पण हेच बोललात."

"अहो, जाऊ दे ना तिला रिक्षाने," माझी बायको सुलभा दारातून म्हणाली. "पहिल्याच दिवशी पोरीला लेट करताय!"

"झालंच म्हटलं ना!"

शेवटी बसलं एकदाचं. दात-ओठ खाऊन नट आवळले, सायकल सरळ केली. मुग्धा टांग टाकून निघालीसुद्धा. मी कमरेवर हात ठेवून कौतुकाची वाट बघत उभा होतो. तेवढ्यात सुलभाने खाली अंथरलेल्या पेपरवरून काहीतरी उचललं.

"अहो, हा नट कुठला?"

चाकाचा नट! म्हणजे पोरगी एकाच नटावर निघालीय! आणि पुढे उड्डाणपुलाचा उतार, आजूबाजूला कंटेनर! मी होतो तसा, बनियन-बर्मुड्यात, नट मुठीत धरून पळत सुटलो.

मुग्धा गल्लीच्या तोंडाशी दिसली. सुताच्या गोण्यांचा टेम्पो आडवा होता म्हणून थांबली होती.

"मुग्धाऽऽ! थांब!"

पण आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना लूम, म्हणजे यंत्रमागाचे कारखाने. त्या खडखडाटात माझं ओरडणं मलाच ऐकू येईना! तिकडे टेम्पो हलला. तिने पायडलवर पाय ठेवला.

आता, लूमवर बोलणं ऐकू येत नाही म्हणून कामगार खुणांनी बोलतात. चहा, पाणी, धागा तुटला, शेठ आला, सगळ्याला खूण आहे. मला त्यातली एकच ठाऊक होती. मी शेजारच्या अस्लमभाईंच्या कारखान्याच्या दारात गेलो आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. (कुणाचा हात मशीनमध्ये सापडला की ही खूण करतात, हे मला माहीत होतं. पण वेळच तशी होती!)

अस्लमभाईंनी झडप घालून मेन स्विच पाडला. ते बघून समोरच्याने पाडला, त्याचं बघून पुढच्याने. बघता बघता सगळी गल्ली गप्प! आणि त्या शांततेत माझा आवाज एकटाच घुमला.

"मुग्धाऽऽ! उतर खाली! चाक निघेल! पप्पांनी नट लावला नाहीऽऽ!"

ती उतरली. मी देवाचं नाव घेतलं.

"किसका हाथ फसा?" अस्लमभाई धापा टाकत आले.

"हात नाही... नट." मी मूठ उघडली.

"अरे साहेब! माझा जीव गेला असता ना!"

मुग्धाने वाकून चाक बघितलं. "पप्पा, दोन्ही नट आहेत. घट्ट आहेत."

"मग हा?"

"जुन्या चाकाचा! नव्याला त्याचे स्वतःचे होते. दुसरा तुमच्या खिशात बघा."

होता. सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. मुग्धाने वैतागून ब्रेक दाबला, तर तो हँडलला जाऊन टेकला. मी सोडलेली वायर तशीच लोंबत होती! मागचा ब्रेक नव्हताच. मुग्धाचा चेहरा उतरला. मला डोळ्यांसमोर त्या पुलाचा उतार दिसला.

"बघितलंस?" मी कसंबसं म्हणालो. "मी थांबवलं म्हणून कळलं! आण, जोडतो."

"नकोऽऽ!" सगळी गल्ली एका आवाजात ओरडली. त्यात माझ्या मागून धावत आलेल्या सुलभाचा आवाज सगळ्यात मोठा होता.

मुग्धाने स्वतःच वायर जागेवर अडकवली, ब्रेक दाबून बघितला आणि गेली. 'वेळेत पोचले' असा तिचा मेसेज येईपर्यंत मी ते दोन्ही नट हातात घेऊन पायरीवर बसून होतो.

लूमवाल्यांच्या खुणांत आता एका नव्या खुणेची भर पडली आहे. पाना फिरवल्यासारखी मूठ फिरवायची. अर्थ असा, की मेन स्विचजवळ उभे राहा, काहीतरी होणार. परवा मी नुसता दूध आणायला निघालो होतो. अस्लमभाईंनी मला बघितलं आणि समोरच्याकडे बघून मूठ फिरवली. मी मान खाली घालून चालत राहिलो, आणि माझ्या मागे एकेक कारखाना बंद पडत गेला.