दातिवऱ्याचा समुद्र आणि पुण्याचं मीठ

परवा एका वाचक मैत्रिणीनं विचारलं, "ताई, पालघरच्या बाजूला दोन दिवस जायचंय, काय काय बघू?" मी उत्तर लिहायला बसले आणि तासाभरानं बघते तर भलतंच काहीतरी लिहून झालं होतं. माझं पालघर म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडचे तीन दिवस. समुद्रकिनारे बघायला जायचं असेल तर खुशाल जा, छान आहेत. मी मात्र तिथे माझ्याच हातचं एक पाप बघून आले. आज तेच सांगते.

तेव्हा मी पुण्यात शाळेत विज्ञान शिकवत होते. आम्हा दहाबारा जणांचं एक मंडळ होतं. खेड्यापाड्यांतल्या विज्ञान आणि गणिताच्या शिक्षकांना मदत करायची, हुरूप द्यायचा, जमेल तशी कार्यशाळा घ्यायची, असं आमचं काम. पालघरला शनिवारी कार्यशाळा ठरली होती आणि त्याआधी तिथल्या संयोजकांचं पत्र आलं. दातिवऱ्याकडच्या एका शाळेतले राऊत सर नोकरी सोडताहेत, आठवी ते दहावीचं गणित आणि विज्ञान एकटा तोच माणूस शिकवतो, तो गेला तर मुलांना वाली नाही, कुणीतरी आधी येऊन त्यांची समजूत घाला. मला बोलायची भारी हौस. मी लगेच हात वर केला आणि "शिक्षकाचं तेज" वगैरे मुद्दे कागदावर उतरवून पिशवीत टाकले. आता तो कागद आठवला की कानशिलं तापतात.

गुरुवारी पहाटे निघाले. दादर, मग विरार, विरारहून डहाणूची शटल. ही गाडी चुकवू नका, पुढची कधी येईल ते स्टेशनमास्तरलाही सांगता येत नसे. वैतरणेचा पूल आला की खिडकीत बसा, सामानाची काळजी नको, ते कुणी नेत नाही. बोईसरला उतरले, कारण माझा मावसभाऊ वसंता सरावलीला राहायचा, तारापूरच्या कारखान्यांत कामाला होता. स्टेशनबाहेर पडल्यापडल्या नाकाला असा काही झणका बसला की मी पदर तोंडाशी धरला. वसंता म्हणाला, दोन दिवसांत सवय होते.

संध्याकाळी त्याच्याबरोबर टपरीवर चहाला गेले. पाळी सुटलेली, सगळीकडे हिंदी. एका चष्मेवाल्या माणसाला सगळे "मास्टरजी, मास्टरजी" म्हणत होते. मला वाटलं लाडाचं नाव असेल. वसंतानं ओळख करून दिली तेव्हा कळलं, हा माणूस नऊ वर्षं गणित शिकवत होता. आता रंगाच्या कारखान्यात पिंपं मोजतो. त्याच्या शेजारी बसलेला रसायनशास्त्राचा मास्तर. आणि एक तिसरा होता, तो रात्रपाळीला गेलेला. मी हबकलेच. एकाच टपरीवर अख्ख्या तालुक्याचं गणित आणि विज्ञान चहा पीत होतं! का सोडलंत, असं विचारलं तर पगाराचं कुणी बोलेना. मास्टरजी म्हणाले, "इथे पिंपं चाळीस भरली तर चाळीसच लिहायची असतात, मॅडम." मला अर्थ लागला नाही. मग त्यांनीच सांगितलं की दातिवऱ्याचे राऊतही सोमवारपासून त्यांच्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत रुजू होणार आहेत.

म्हणजे माझ्या हातात शुक्रवार आणि शनिवार, एवढेच दोन दिवस होते.

शुक्रवारी शटलनं उलटं सफाळ्याला आणि तिथून दातिवऱ्याची एसटी. ती सकाळची गाठायलाच हवी, नाहीतर दुपारपर्यंत स्टँडवर माशा मारत बसा. रस्ता मात्र असा देखणा की खड्डे माफ: वाडीतली केळी, ताडाच्या रांगा आणि वळणावळणाला खाडीचं दर्शन. गावाच्या अलीकडेच वलांडींवर, म्हणजे बांबूच्या मांडवांवर, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला. बोईसरच्या त्या झणक्यानंतर मला तो अत्तरासारखा वाटला, खरं सांगते.

शाळा म्हणजे चार खोल्या. मुख्याध्यापक भले गृहस्थ, पण गांजलेले. त्यांनी आधी आपली बाजू सांगितली. गेल्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. "समुद्राच्या पाण्याची सापेक्ष घनता", म्हणजे गोड्या पाण्यापेक्षा समुद्राचं पाणी किती पट जड, हा प्रयोग. सगळ्या तालुक्याच्या वह्यांत उत्तर १.२०. राऊतांच्या मुलांच्या वह्यांत कुणाचं १.०२, कुणाचं १.०३, एकाचं तर १.०१. परीक्षकांनी लाल शाईनं फुल्या मारल्या आणि वर्गाचे गुण कापले. जयवंती तांडेल नावाच्या मुलीनं तोंडावर सांगितलं की आमच्या समुद्रात अंडं बुडतं, मग तो इतका जड कसा असेल? तिला उद्धट म्हणून आणखी कमी. मुख्याध्यापक राऊतांना म्हणाले, वह्या पुन्हा लिहून घ्या, विषय मिटवा. राऊतांनी वह्यांऐवजी राजीनामा लिहिला. तो शनिवारी पालघरला देणार होते.

"पण १.२० आलं कुठून?" मी विचारलं. मला तर आकडा ऐकूनच चमकायला झालं होतं, कुठल्याही समुद्राचं पाणी इतकं जड नसतं.

त्यांनी कपाटातून एक चुरगळलेली सायक्लोस्टाईल पुस्तिका काढली. नमुना प्रयोगवही. बारा वर्षांपूर्वी कुठल्याशा शिबिरात वाटलेली, तेव्हापासून तालुकाभर हीच उतरवतात, शिक्षक फळ्यावर लिहितात, मुलं वहीत. मी पान उलटलं. अक्षर ओळखीचं वाटलं. नऊचा आकडा शेपूट उलटी वळवलेला. तसा नऊ मी काढते. दुसरं कुणी काढताना मी पाहिलेलं नाही.

अहो, ती वही मी लिहिली होती! नवीन नवीन नोकरी, दुसऱ्या दिवशी स्टेन्सिल द्यायचं होतं, सगळे प्रयोग झाले, एवढा एकच राहिला. पुण्यात समुद्र कुठून आणणार? मग घरातलं मीठ नळाच्या पाण्यात विरघळेल तेवढं ओतलं, मोजलं, १.२० आलं, आणि वर "समुद्राचे पाणी" असं लिहून मोकळी झाले. मनात म्हटलं, कोण बघतंय!

आणि मी गप्प बसले. हे लिहायलाही लाज वाटते, पण त्या खोलीत मी एक अक्षर बोलले नाही. पुस्तिका मिटून ठेवली आणि पाणी मागितलं.

राऊत सर नववीच्या वर्गात होते. तिशीचा, हडकुळा, बारीक आवाजाचा माणूस. सफाळ्याच्या सोनाराकडून मागून आणलेला नाजूक तराजू टेबलावर, औषधाची रिकामी बाटली, आणि मुलं एकेक करून वजन करताहेत. आधी विहिरीचं पाणी, मग समुद्राचं. कुणीही कुणाच्या वहीत डोकावत नव्हतं. मी बारातेरा वर्षं शिकवत होते, असा वर्ग माझ्याही शाळेत कधी झाला नव्हता. तास संपल्यावर मी तेजाबिजाचं बोलायला तोंड उघडलं आणि मलाच माझा आवाज ऐकवेना. राऊत सर शांतपणे म्हणाले की तुम्ही लांबून आलात, जेवल्याशिवाय जाऊ नका, जयवंतीच्या घरी सांगितलंय.

जेवणाचं सांगायलाच हवं. तांदळाची पांढरी शुभ्र भाकरी, ओल्या बोंबलाचं कालवण आणि भाजलेला सुका जवळा. असं जेवण पुण्यात लाख रुपये मोजूनही मिळायचं नाही. जयवंतीची आई वाढत होती. तिला मुलीच्या गुणांचं सगळं ठाऊक होतं, आणि पुण्याची बाई आलीय म्हणजे निवाडा करायलाच आलीय असा तिचा समज. तिनं दोनदा विचारलं की पोरीनं काय चूक केली. मग पुस्तकातला आकडा म्हणजे नेमकं काय ते मला सांगायला लावलं. मी म्हटलं, पाणी तेवढं खारट आणि जड असेल तर अंडं तरंगतं, माणूसही सहजी बुडत नाही.

तिनं भाकरीचं ताट खाली ठेवलं.

"बाई, दर्याचा पानी इतका भारी हाय, तं आमचा मानूस बुडला कसा?"

जयवंतीचे वडील चार वर्षांपूर्वी होडीवरून गेले होते. मला कुणी सांगितलं नव्हतं. जयवंती मान खाली घालून भाकरी मोडत होती. मला तिथेच धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. आईनं पुढे एवढंच सांगितलं की इतका खारट पानी मिठागरात शेवटच्या वाफ्याला असतो, लहान पोरालाही ठावं हाय, दर्यात नाय.

परतीच्या बसपर्यंत राऊत सर सोडायला आले. रस्त्यात मी सगळं सांगून टाकलं. मीठ, नळाचं पाणी, स्टेन्सिल, सगळं. वाटलं होतं चिडतील. ते नुसते थांबले.

"मला सांगून काय उपयोग, मॅडम?" ते म्हणाले. "उद्या पालघरला चाळीस मास्तर येतील. परीक्षकही त्यांतच आहेत. त्यांना सांगा."

शनिवारी पालघर. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर शाळेचा हॉल. मंडळी टायमावर हजर, चहा आणि बटाटवडे उत्तम. राऊत सर शेवटच्या बाकावर, वरच्या खिशात राजीनाम्याचं पाकीट स्पष्ट दिसत होतं. मी आदल्या दिवशी भरून आणलेला दातिवऱ्याच्या पाण्याचा डबा, दोन काचेचे ग्लास, मीठ आणि दोन ताजी अंडी टेबलावर मांडली. तेजाचा कागद पिशवीतच राहिला.

समुद्राच्या पाण्यात अंडं सोडलं. टुपकन तळाशी. दुसऱ्या ग्लासात मीठ ढवळत राहिले, ढवळत राहिले, अंडं वर आलं. म्हटलं, हा दुसरा ग्लास म्हणजे माझी नमुना वही. यात समुद्र नाही, पुण्याचं मीठ आहे. मी मोजलं एक आणि लिहिलं दुसरंच. बारा वर्षं तुमच्या मुलांनी माझं खोटं सुवाच्य अक्षरात उतरवलं, आणि ज्या एका वर्गानं खरं लिहिलं त्याचे गुण गेले.

मग दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उठले. तेच परीक्षक. मी म्हटलं, आता माझी खैर नाही. पण ते पडेल आवाजात म्हणाले की मी उमरोळीचा, समुद्र तासाभरावर, पण हे पाणी मी जन्मात मोजलेलं नाही. पुस्तिकेत होतं म्हणून बरोबर धरलं. दातिवऱ्याचे गुण परत देण्यासाठी आजच लेखी देतो.

मला वाटलं झालं, सुटले. तेवढ्यात एका बाईंनी विचारलं, "मग राऊत सरांच्या वर्गाचं सरासरी उत्तर किती?"

मी सांगितलं, १.०२४.

आणि काय सांगू तुम्हाला! चाळीस पेनांची टोपणं उघडली. चाळीस माना खाली गेल्या आणि चाळीस वह्यांत १.०२४ उतरलं. उमरोळीच्या परीक्षकांनी तर त्याखाली दोन रेघा मारल्या. मी आ वासून बघत राहिले. एक खोटं पुसलं आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याच जागी दुसरा नमुना तयार झाला. बरोबर असला म्हणून काय झालं, कुणीही मोजलेला नव्हता.

"लिहू नका!" मागून आवाज आला.

राऊत सर उभे होते. त्यांचा तो बारीक आवाज हॉलभर गेला. ते तरातरा पुढे आले, पहिल्या बाकावरच्या मास्तरांच्या हातातलं पेन काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि तापून बोलायला लागले. सातपाटीला खाडीचं पाणी मिसळतं, पावसाळ्यात सगळंच बदलतं, माझ्या मुलांचा आकडा तुमच्या मुलांना कशाला? मग वजनाला काय वापरता, सोनार ओळखीचा आहे का, बाटली कुठली, असं एकेकाला विचारत सुटले. नाही म्हणणाऱ्याला तिथेच तोड सांगत होते. तास कसा गेला कळलं नाही. शेवटी म्हणाले, "पुढच्या शनिवारी प्रत्येकानं आपल्या गावचं पाणी बाटलीत घेऊन इथेच यायचं. मी तराजू आणतो."

पुढच्या शनिवारी ते बोईसरला पिंपांच्या पलीकडे प्रयोगशाळेत असणार होते. मी त्यांच्या खिशाकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. मग ते पाकीट काढून त्याच्या पाठीवर कोण कुठलं पाणी आणणार त्याची यादी करायला बसले.

पुण्याला परतले ती तोंडात मारल्यासारखी. गेले होते एका मास्तरला हुरूप द्यायला, आणि त्यांनीच मला माझी जागा दाखवली. मंडळात सगळं सांगितलं, काहीजण नाराज झाले, नाव खराब होईल म्हणाले. होऊ दे. त्यानंतर मी न मोजलेला एकही आकडा फळ्यावर लिहिलेला नाही. एवढ्या वर्षांनीही मीठ ओतताना कधीकधी जयवंतीच्या आईचा प्रश्न कानात येतो आणि हात थांबतो.

तर मैत्रिणी, सफाळ्याहून दातिवऱ्याला जरूर जा. बोंबील खा, पाण्यात पाय बुडव, आणि जमलं तर एक बाटली भरून घेऊन ये.

महिन्याभरानं आलेलं राऊत सरांचं पोस्टकार्ड माझ्याकडे अजून आहे. नमस्कार-चमत्कार काही नाही. दातिवरे १.०२४, सातपाटी १.०१९, उमरोळीची विहीर १.०००, जयवंतीचे गुण मिळाले. आणि खाली एक ओळ: "कृपया नवीन नमुना वही पाठवू नये."