पिस्टनची नोंद

आमच्या सासऱ्यांइतका हट्टी आणि इतका सरळ माणूस अख्ख्या जालन्यात दुसरा झाला नाही, आणि हे मी जावई असून सांगतोय, म्हणजे बघा. ते कापसाच्या एका सहकारी जिनिंगमध्ये हिशेबनीस होते. त्यांच्या लेखी जगातला प्रत्येक खर्च दोनच प्रकारचा. नवी वस्तू आली किंवा जुनीची ताकद वाढली, तर भांडवली. आहे ते नुसतं चालू ठेवायला लागला, तर महसुली. सायकल भांडवली, पंक्चर महसुली. पातेलं भांडवली, कल्हई महसुली. माझ्या लग्नात त्यांनी भर मांडवात मला बाजूला घेऊन समजावलं, "जावईबापू, सोयरीक भांडवली. दिवाळीचा आहेर मात्र महसुली, दरसाल लिहावा लागतो." सासूबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "आन् मला करून आणलं, त्ये कोन्या खात्यात?" त्यांनी चष्मा पुसला, बराच विचार केला आणि म्हणाले, "भांडवली. पण घसारा धरत न्हाई, किंमत काही उतरत न्हाई." सासूबाई दिवसभर गालातल्या गालात हसत होत्या.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. जिनिंगच्या इंजिनाचा पिस्टन बदलावा लागला. खर्च मोठा. तो दुरुस्तीत, म्हणजे महसुली, लिहिला तर वर्षाचा नफा संपून सभासदांचा लाभांश जात होता. यंत्रसामग्रीत लिहिला तर कागदावर नफाच नफा. निवडणूक तोंडावर होती, म्हणून चेअरमननी नोंद यंत्रसामग्रीत टाकायला सांगितली. सासरे म्हणाले, "इंजिन पहिले जेवढं काम करत व्हतं तेवढंच करून राह्यलंय. मंग वाढलं काय?" चेअरमननी नोकरीची दोनच वर्षं उरल्याची आठवण करून दिली. यांनी दुरुस्तीतच लिहिलं.

वार्षिक सभेत एक म्हातारा शेतकरी कडाडला, "आमचा लाभांश कुठं गेला?" चेअरमननी हिशेबनिसांकडे बोट दाखवलं. सासरे उठले. त्यांनी त्या म्हाताऱ्यालाच विचारलं,

"बैल घेतला तर काय वाढलं?"

"एक बैल."

"त्याला नाल ठोकली तर?"

"वाढतंय काय? चालाया लागतो."

"आपण इंजिनाला नाल ठोकली. बिलकुल तेवढंच. तिला नवा बैल धरून लाभांश वाटला, तर एक दिवस खराच बैल इकावा लागंल."

सभा हसली. म्हातारा "बराबर हाय" म्हणून खाली बसला आणि हिशेब मंजूर झाले. मागे उभा होतो मी, शेजारच्या अनोळखी माणसाला उगाच सांगितलं, "आमचे सासरे आहेत."

दुसऱ्या दिवशी त्यांना वह्यांवरून काढून वजनकाट्यावर बसवलं. दोन वर्षं ते कापसाच्या गाड्या मोजत राहिले. गाडीवाले मुद्दाम थांबून विचारत, विहीर खोल केली तर काय आणि नुसता गाळ काढला तर काय, आणि हे तितक्याच गांभीर्याने उत्तर देत.

निवृत्तीच्या दिवशी मी त्यांना आणायला गेलो. त्यांनी नव्या हिशेबनिसाकडून ती जुनी वही मागून घेतली, दुरुस्तीच्या पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "चला." त्यांची पिशवी मी घेतली. घरापर्यंत आम्ही उन्हाळ्याबद्दल बोललो. तुमचा मला फार अभिमान वाटतो, एवढं एक वाक्य माझ्या ओठांवर होतं. पण जावयाने सासऱ्याला असं कसं म्हणायचं, म्हणून राहिलं. पुढच्याच वर्षी ते गेले.