ओल्या झेंडूचं वजन

चाचांनी कधी कुणाला ‘सगळं ठीक आहे ना’ असं विचारलं नाही. त्यांचं म्हणणं, या प्रश्नाला माणूस न बघताच हो म्हणतो. ते विमानाजवळ यायचे, हात पाठीमागे बांधायचे आणि विचारायचे, “आज काय बिघडलंय?” ‘काही नाही’ हे उत्तर चालत नसे. “मंग तुम्ही बघितलंच न्हाई,” असं म्हणून ते स्वतः पहिल्या नटबोल्टपासून सुरुवात करायचे. विमानाला टेकून फोटो काढणाऱ्या पाहुण्यांना वाटायचं, हा म्हातारा मुद्दाम अपशकुन करतो. वाटेना का.

आमचं मंडळ म्हणजे चौदा हौशी माणसं आणि दोन सीटचं एक हलकं विमान. लातूरहून शिरूर अनंतपाळकडे जाताना एका माळावर मुरमाची धावपट्टी. पगार कुणालाच नाही. विमान चालवायचे एक दातांचे डॉक्टर. मी बावीस वर्षं वखारीत धान्याची वजनं घेणारा, म्हणून विमानात किती भार चढतो ते पाळीपाळीने मोजणाऱ्या तिघांत मी. माळ आबासाहेबांचा, त्यामुळे अध्यक्षपदही त्यांचंच. पुरात नदीकाठी कोण अडकलंय ते वरून बघून तहसील कचेरीला कळवायचं, एरवी शनिवारी हौस म्हणून उडायचं. चाचा नांदेडचे. घरात तीन पिढ्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. तरुणपणी ते हवाई दलात इंजिनांवर काम करून आले होते. दर शनिवारी पहिल्या एसटीने येऊन आमच्या विमानाची देखभाल करायचे. त्यांच्या होकाराशिवाय चाक हलत नसे.

त्यांनी एक वही सुरू केली होती. ज्याच्या हातून चूक झाली त्याने ती स्वतः लिहायची, पण नाव लिहायचं नाही. “नाव लिव्हलं की लोक नावच वाचतात, चूक वाचत न्हाईत,” असं ते सांगत. पहिली नोंद त्यांचीच होती: ‘टाकीचं झाकण घट्ट लावलं का ते पुन्हा पाहिलं नाही.’ महिनाभर वहीत ती एकटीच. मग डॉक्टरांनी एक लिहिली, मग मी. जो लिहील त्याला चाचा आपल्या थर्मासमधला चहा देत. दुसऱ्या कुणाला तो चहा मिळत नसे. थोड्या दिवसांनी डॉक्टर खुशाल विचारू लागले, “चाचा, आज अर्धीच चूक झाली, अर्धा कप द्या.”

त्या मे महिन्यात आबासाहेबांच्या पुतण्याचं लग्न होतं. मुहूर्त बारा वीसचा आणि मंडपावर विमानातून फुलं टाकायचं ठरलं. आमच्या विमानाला माणसं, पेट्रोल आणि सामान मिळून एकशे नव्वद किलोची मर्यादा. डॉक्टर एकाहत्तर, फुलं टाकणारा पंचाहत्तर, पेट्रोल बावीस, झेंडूचं पोतं वीस. मी कागदावर एकशे अठ्ठ्याऐंशी लिहून तो डॉक्टरांना दिला. डॉक्टर विमानात बसले, इंजिन सुरू झालं.

चाचा वाकून विमानाखाली बघत होते. जमिनीवर थेंब पडत होते. त्यांनी एक थेंब बोटावर घेऊन हुंगला, इंजिन बंद करायची खूण केली आणि माझ्याकडे आले.

“पेट्रोल न्हाई. पोत्यातून पाणी गळायलंय. काट्यावर किती भरलं पोतं?”

“सव्वीस. पण फुलं ताजी राहायला पाणी मारलंय त्यांच्यावर. ते सहा किलो मी वजा केले.”

वखारीत ओलं सोयाबीन आलं की आम्ही ओलाव्याची कपात धरतो, कारण पाणी म्हणजे माल नव्हे. बावीस वर्षांची सवय. मी विचार न करता झेंडूलाही कपात लावली होती.

“वजनवाले,” चाचा हळू म्हणाले, “पाणी खाली ठिवून उडणार हाय का विमान?”

खरा आकडा एकशे चौऱ्याण्णव होता. त्यात मेची दुपार. तापलेली हवा पातळ होते आणि तेच विमान तितकं उचलत नाही. चाचांनी किल्ली खिशात घातली आणि आम्हा तिघांना सगळं नव्याने मोजायला लावलं. एक आकडा चुकला म्हणजे बाकीचे बरोबर, असं ते कधी धरत नसत.

आबासाहेब फेटा सांभाळत आले. “किती वेळ लावून राहिलात? सहा किलोनं काय होतंय, चाचा? आमचा व्याही जेवून उठला तरी तेवढा वाढतोय.”

“मंग व्याह्याला जेवायच्या आधी बसवा,” चाचा म्हणाले, आणि काट्यावरची नजर हलवली नाही.

मोजणी संपेपर्यंत अक्षता पडून गेल्या. फुलं मंडपाच्या दाराशी ओतली. त्याच दिवशी मी चूक वहीत लिहिली, नेहमीसारखी, नावाशिवाय.

पुढच्या शनिवारी बैठक बसली. आबासाहेबांनी वही उघडून ते पान सगळ्यांना दाखवलं. “साऱ्या पाहुण्यांत माझी मान खाली गेली. हे कुणी केलं त्याचं नाव पायजे. त्याला काढायचंय.”

मी उठू लागलो. शेजारी बसलेल्या चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला दाबून बसवलं.

“नाव मला ठाव हाय, आबासाहेब. सांगणार न्हाई.”

“माळ माझा हाय, चाचा.”

“हाव. माळ तुमचा. पर वही तुमची न्हाई. आज नाव दिलं तर उद्यापासून कुणी काय लिव्हणार न्हाई. अन् एखाद्या दिवशी डॉक्टर वरून नीट आले न्हाईत, तर त्यांच्या घरी सांगायला तुम्ही जाल का?”

“मग उद्यापासून येऊ नका,” आबासाहेब म्हणाले. चाचांनी वही डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवली, थर्मास उचलला आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागले.

तेव्हा मी उभा राहिलो आणि चूक माझी असल्याचं सांगितलं. आबासाहेब हसले. “असू द्या हो. तुम्ही घरचे.”

त्या वाक्याचा राग आजही गेलेला नाही. मी विचारलं, “मी घरचा, तर ते कोण?” डॉक्टरांनी विमानाची किल्ली टेबलावर ठेवली. चौदांपैकी अकरा जणांनी सांगितलं, चाचा आणि वही नसेल तर आम्ही येणार नाही. चार महिने विमान शेडमध्ये उभं राहिलं. लोक हसले, नातेवाइकांनी समजूत घातली. आम्ही हललो नाही.

सप्टेंबरात नदीला पाणी आलं आणि तहसीलमधून विमानाची विचारणा झाली. आबासाहेबांनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी तीन अटी घातल्या: वही राहील, नाव कुणी विचारायचं नाही, चाचांना तुम्ही स्वतः बोलवायचं. आबासाहेबांनी तिन्ही मान्य केल्या आणि लगेच नांदेडला फोन लावला. चाचा म्हणाले, “आलो असतो. पर हृदयानं आता एसटी बंद केलीय.” मग त्यांनी फोनवरूनच डॉक्टरांकडून एकेक नटबोल्ट तपासून घेतला आणि उडायला होकार दिला.

पूर ओसरल्यावर मी त्यांना भेटायला नांदेडला गेलो. दुकानाच्या मागच्या खोलीत उशीला टेकून बसले होते. मी अभिमानाने सांगितलं, “पुन्हा सुरू झाल्यापासून चार शनिवार झाले, चाचा. वहीत एकही चूक नाही.”

त्यांचा चेहरा उतरला. “म्हंजे अजून भिऊन राहिलेत लोक. तू बी.”

ते खरं होतं. पहिल्याच शनिवारी मी काटा शून्यावर आहे का ते न बघता वजनं घेतली होती. काटा तीन किलो कमी दाखवत होता. काही बिघडलं नाही, म्हणून मी गप्प बसलो होतो.

परत आल्यावर मी ते वहीत लिहिलं. त्यांचा नियम मोडून खाली माझं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली. त्याच आठवड्यात चाचा गेले. हे त्यांना सांगायचं राहिलं.

पुढच्या शनिवारी आबासाहेबांनी ते पान उभ्यानेच वाचलं. मी समोर होतो, जे ऐकावं लागेल त्याला तयार होतो. त्यांनी वही मिटली.

“काटा दुरुस्त केलाय का?” त्यांनी विचारलं.

“केलाय.”

“मला बी दाखवा, कसा बघायचा ते.”