सोळा अणूंचा तुकडा

पाटोद्याच्या पलीकडे माळावर सिदू मेंढपाळाची वस्ती. त्याची थोरली लेक योगिता, वय एकतीस, पदार्थविज्ञानात पीएचडी करत होती. तालुक्याच्या कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे दर जूनला नोकरी नव्यानं मागायची.

पोरगी काय शिकती, असं कुणी विचारलं की सिदू म्हणायचा, "पापुद्र्यावर शिकती." हसणारे हसोत, पण बोलणं बरोबर होतं. पेन्सिलीच्या शिशाचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा म्हणजे ग्राफीन, आणि तो एवढा पातळ असून टिकतो. तसले दुसरे पापुद्रे टिकतील की विस्कटतील, हे ते कुणी बनवायच्या आधीच योगिता संगणकावर गणित मांडून बघायची. अणूंना हलका धक्का द्यायचा. थरथरून जागेवर आले तर पापुद्रा पक्का. उत्तरात उणे आकडा आला, तर त्याचं काही खरं नाही.

घोडं अडलं विजेपाशी. वस्तीवर शेतीचीच लाइन, आठ तासांची. मध्येच गेली की गणित पहिल्यापासून. म्हणून तिनं आपल्या पापुद्र्याचा सोळाच अणूंचा तुकडा घेतला. तेवढं आठ तासांत उरकायचं. उणे आकडा एकही आला नाही. पेपर छापून आला, आणि त्याच्या जोरावर कडा गावाकडच्या एका कॉलेजातल्या कायम जागेच्या मुलाखतीचं पत्रही आलं. तिच्या आईनं, कडूबाईनं, पेढे वाटले. लेकीचं लग्न ह्या कायम नोकरीपायीच पाच वर्षं थांबलेलं, हे सगळ्या भावकीला पाठ होतं.

मुलाखतीला पंधरवडा होता. वस्तीवर सोलर आणि बॅटरी बसली, वीज जायची थांबली, तसा योगितानं हौसेनं तोच पापुद्रा दोनशे छप्पन्न अणूंचा घेतला. सहाव्या दिवशी दुपारी उत्तर आलं. उणे. तपासून बघितलं, तरी उणेच. वीतभर घोंगडीला झोल पडत नाही, अख्खी पसरली की पडतो, तशातली गत. अणूंच्या थरथरीची लांब लाट सोळा अणूंत मावतच नव्हती, म्हणून दिसली नव्हती. खरा पापुद्रा कुणी बनवला असता तर तो टिकलाच नसता.

तिनं मार्गदर्शक वनमाला मॅडमना फोन लावला. मॅडम काही वाईट बाई नव्हत्या. म्हणाल्या, "आधी मुलाखत दे. पेपर कुठं पळून जातोय? नंतर कळवू." योगितानं दोन दिवस तसेच काढले. तिसऱ्या दिवशी तिनं मॅडमना पुन्हा गाठलं. मॅडम रागावल्या, पण सही दिली. पेपर मागे घ्यायचं पत्र मासिकाला गेलं, आणि मुलाखतीच्या अर्जातल्या यादीतून योगितानं तो खोडला.

मुलाखतीत एकानं त्या यादीवर बोट ठेवलं. "हा पेपर कुणी खोडला?"

"मीच. चूक होती."

"कुणी पकडली?"

"मीच."

त्यानं चष्म्यावरून पाहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. जागा दुसऱ्याला गेली.

घरी कडूबाई भांडी आदळत राहिली. सिदू मेंढरं कोंडून आला आणि लेकीशेजारी बाजेवर बसला.

"कुणाला कळलं असतं का?"

"इतक्यात न्हाई, आबा."

"मग कावून सांगितलंस?"

"माझ्या भरवशावर कुणी ते बनवाया बसलं असतं. वरसं गेली असती त्याची."

"वाईट वाटतंय?"

"लई वाटतंय."

सिदूनं तंबाखू मळायला घेतली आणि तशीच हातात ठेवली. "तू पाळण्यात व्हतीस," तो म्हणाला. "पाटोद्याच्या बाजारात म्या एकाला आजारी मेंढी खपवली. ठावं असून. त्या रोगानं त्याचा आख्खा कळप मेला."

"मग?"

"मग काय. कुणाला कळलं न्हाई. मरस्तोवर मला रामराम घालायचा त्यो. गेल्या साली वारला, तर मातीला जायला माझा पाय उचलला न्हाई."