चाचांचा बिनअंड्याचा केक

"आधी आत काय ते ऐका, मग खा," असं म्हणून आमचे बेकरीवाले चाचा काउंटरवरच्या बिस्किटांवर आडवा हात ठेवायचे. गिऱ्हाईक भुकेलं असो, की त्याची मोखाड्याची एसटी सुटायला आलेली असो, तो हात काही निघायचा नाही. तुम्ही त्या काळी जव्हारच्या बाजारात गेला असाल, तर तुम्हीही ऐकून घेतलं असेल.

खोडाळ्याची एक म्हातारी एकदा वैतागली. "दे रं बाबा, माना खायाचा हाय, पोथी नाय आयकायची!"

"मावशी, मैदा, साखर, तूप. अंडं नाही," चाचा शांतपणे म्हणाले. "आता खा."

बिनअंड्याचं बिस्किट भाजण्याआधी चाचा त्यावर बायकोचं, शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान दाबायचे. श्रावण पाळणाऱ्यांसाठी काढलेली ही खूण वाचता न येणाऱ्यालाही कळायची. त्या गोल खळग्याच्या भरवशावर आमची लेक शोभा वाढली. अंडं पोटात गेलं की तिचे ओठ सुजायचे, श्वास अडायचा. एकदा पाहुण्यांकडे केकचा तुकडा खाल्ला, तर तिला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून तिच्या वाढदिवसाला चाचा बिनअंड्याचा केक करू लागले. चव झकास, पण उंचीने तो नाचणीच्या भाकरीचा सख्खा भाऊ. आम्ही तोंडावर तसं म्हणायचो आणि चाचांना ते लागायचं.

एका वाढदिवसाला मात्र स्वारी भलतीच खुशीत आली. हातात टम्म फुगलेला केक आणि काखेत बेकरीचा माल पुरवणाऱ्या एजंटाने दिलेला एक डबा. "हे घातलं की तेल-पाणी एकजीव होतं. अंड्याशिवाय केक उभा राहतो! मास्तर, डब्यावर काय लिहिलंय ते वाचा जरा. पोरीला सांगतो, मग देतो."

मी इंग्रजी वाचलं. "परवानगी असलेला इमल्सिफायर. म्हणजे एकजीव करणारा पदार्थ."

"ते दिसलंच मला. केलाय कशापासून?"

"ते लिहिलेलं नाही."

"अंड्यापासून पण करतात काय?"

"करत असतीलही."

"एजंट बोलला, फॉर्म्युला आहे. फॉर्म्युला कुठल्या झाडाला लागतो, मास्तर?"

शोभाने सुरी हातात घेतली होती. चाचांनी केकवर तोच आडवा हात ठेवला आणि केक उचलून ते चालू लागले. पोरगी भोकाड पसरून रडली. मीही चिडलो. "अहो, सरकारची परवानगी आहे!"

"सरकारने डब्याला दिली. पोरीच्या गळ्याला विचारलं काय?"

संध्याकाळी नेहमीचा चपटा केक आला, वर अंगुस्तानाचा ठसा. शोभाने चाचांशी कट्टी घेतली, केक मात्र संपवला. डबा एजंटाकडे परत गेला. स्टँडजवळच्या नव्या बेकरीतले केक फुगत राहिले आणि चाचांचं गिऱ्हाईक हळूहळू तिकडे वळलं. त्या डब्यात अंडं होतं की नव्हतं, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

आता चाचा नाहीत. दुकानात त्यांचा मुलगा पाकिटातली बिस्किटं आणि केक विकतो. परवा माहेरपणाला आलेली शोभा तिथे केकचं पाकीट डोळ्यांजवळ धरून बारीक अक्षरं वाचत उभी राहिली. मागचं गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं. तिने वाचून संपवलं आणि पाकीट जागेवर ठेवून दिलं.

"कशापासून ते लिहिलंच नाही, बाबा," ती म्हणाली. मग रिकाम्या हाताने पायरी उतरताना म्हणाली, "त्या भाकरीच्या भावाची फार आठवण येते हो."