गोल खाऊन मिळालेली नोकरी

बॉल डावीकडे आला की आपण उजवीकडे झेपावायचं. उजवीकडे आला की डावीकडे. पॅड बांधताना मी हेच घोकत होतो. गोलकीपरच्या ट्रायलला आलेला माणूस असं घोकतो का? पण मला वेड लागलं नव्हतं, मला नोकरी हवी होती.

सत्तरच्या दशकातली नागपूरची गोष्ट. खात्याचं नाव सांगत नाही, पेन्शन तिकडूनच येते. तेव्हा मोठमोठी खाती हॉकीची टीम ठेवत. खेळाडू कागदावर फिटर नाहीतर हेल्पर, काम मात्र हॉकी. मी तिथे रोजंदारीवर होतो आणि टीमला एक्स्ट्रा गोलकीपर हवा होता. म्हणजे पहिला गोलकीपर पडला तर उभा राहणारा, एरवी बाकावर बसून लिंबूपाणी पिणारा. पण जागा पर्मनंट! आणि सावनेरच्या माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, “पर्मनंट व्हा, मंगच पोरीचं बोलू.”

पहिला गोलकीपर गुलाबभाऊ. टीम बघणारे साहेब एक्स्ट्रा त्याच्याच सल्ल्याने घेत. आमचा फुलबॅक सदू मला म्हणाला, “चांगला खेळला तं मेला समज. आपल्याहून बरा माणूस गुलाबभाऊ बाजूले बसूच देत नाही गा. आतापर्यंतचे एक्स्ट्रा पाह्य ना, एकालेही बॉल दिसे नाही!”

म्हणून ही युक्ती.

ट्रायलला आम्ही दोघं. दुसरा रमेश, कामठीचा, सरळ माणूस. पेनल्टी स्ट्रोक मारायला खुद्द गुलाबभाऊ. पेनल्टी स्ट्रोक म्हणजे मारणारा आणि गोलकीपर, मध्ये कोणी नाही. रमेशने काही अडवले, काही खाल्ले. मी सगळे खाल्ले. असे मनापासून खाल्ले की बघणारे ओरडायला लागले, “अबे, याले घरी पाठवा रे!” साहेबांनी कपाळाला हात लावला. मी आतून खूश.

तेवढ्यात गुलाबभाऊ जवळ आला.

“कोणाले बनवून राहिला बे?”

“काहून भाऊ, काय झालं?”

“कच्चा कीपर अंदाजानं उडते. दोन-चारदा तरी चुकून बरोबर बाजूले जाते. तू दर वेळी उलटाच गेला. म्हंजे बॉल कुठं येऊन राहिला हे तुले दर वेळी समजत होतं!”

गुलाबभाऊ तरातरा साहेबांकडे निघाला, मागोमाग मी. झालं! गेली नोकरी, गेलं सावनेर.

“साहेब, रमेशले घ्या. याले बिलकुल नका घेऊ.”

“का? इतका वाईट आहे?”

गुलाबभाऊची पंचाईत झाली. खरं सांगावं तर मी चांगला ठरतो. तो चाचरला, “हो साहेब. एकदमच बेकार.”

साहेबांनी सावकाश चष्मा पुसला. “गुलाबराव, बेकार माणूस तुम्ही आजवर कधी नको म्हणालात? दर वेळी शोधून शोधून आणता. मग यालाच काय घाबरता?” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “सोमवारी ऑर्डर घेऊन जा.”

त्याच वर्षी माझं लग्न झालं. मॅच मात्र एकही मिळाली नाही. मी आल्यापासून गुलाबभाऊ आजारी पडायचाच बंद झाला. अंगात ताप असला तरी पॅड बांधून सगळ्यांच्या आधी गोलमध्ये उभा.

लोक म्हणतात, नोकरीला शिफारस लागते. योग्य माणसाने केलेली तक्रारही चालते.